तापलेला आरसा आणि ताऱ्यांची साक्ष : १९१९ च्या ग्रहणवेधातील उष्णतेचा प्रश्न

लॅटिन भाषेत ‘लेन्स’ या शब्दाचा मूळ अर्थ मसूर. अरबीत भिंगाला ‘अदसा’ म्हणतात आणि ‘अदस’ म्हणजेही मसूरच. उर्दूने हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला. मधोमध फुगीर आणि कडेला निमुळता असा काचेचा तुकडा पाहून दोन वेगळ्या भाषाकुळांतील लोकांना एकाच डाळीची आठवण व्हावी, ही मौजेची गोष्ट आहे. मराठीने मसुराची उपमा न घेता ‘भिंग’ हा आपला शब्द ठेवला. पण लहान मुलाच्या हातात भिंग दिले तर ते पहिला प्रयोग कोणता करते? ऊन एका ठिपक्यात गोळा करून कागद जाळण्याचा. भिंग आणि उष्णता यांचा संबंध इतका जुना आहे. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सहल याने लिहिलेला प्रबंध दाहक यंत्रांविषयीच होता. कोणत्या आकाराचे भिंग सूर्यकिरण एका बिंदूत आणील, या शोधातच त्याला अपवर्तनाचा तो नियम हाती लागला, जो पुढे युरोपात स्नेलच्या नावाने प्रसिद्ध झाला.

भिंग उष्णता गोळा करते, हे सर्वांना ठाऊक असते. उष्णता उलट भिंगाचे काय करते, हा प्रश्न मात्र फार थोड्यांच्या मनात येतो. विज्ञानाच्या इतिहासात एक प्रसंग असा आला की, या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर विसाव्या शतकातील एका मोठ्या सिद्धांताची कसोटी अडून राहिली. तो प्रसंग म्हणजे २९ मे १९१९ चे खग्रास सूर्यग्रहण.

उष्णतेने नेमके काय बदलते?

दुर्बिणीचे भिंग तापले की तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली, काच प्रसरण पावते आणि तिच्या पृष्ठभागाची वक्रता किंचित कमी होते. त्यामुळे नाभी थोडी दूर सरकते. दुसरी, काचेचा अपवर्तनांक बदलतो. नेहमीच्या क्राउन काचेत तो तापमानाबरोबर थोडासा वाढतो आणि त्यामुळे नाभी जवळ येते. हे दोन्ही परिणाम परस्परविरुद्ध असल्याने साध्या काचेच्या भिंगात ते बऱ्याच अंशी एकमेकांना खोडून काढतात. तिसरी गोष्ट मात्र भिंगाबाहेरची आहे. भिंग ज्या नळीच्या टोकाला बसवलेले असते ती धातूची नळीही लांब होते. पोलादाची एक मीटर लांबीची नळी एक अंश सेल्सिअसने तापली तर ती मीटरच्या दहा लाख भागांपैकी सुमारे १२ भागांनी वाढते. पितळ याहून अधिक वाढते.

हे आकडे क्षुल्लक वाटतात. परंतु साडेतीन मीटर लांबीच्या दुर्बिणीत दहा अंशांचा फरक पडला की नळी सुमारे ०.४ मिलिमीटरने लांबते. म्हणजे नाभी जिथे पडते तिथे छायाचित्राची काच राहत नाही आणि ताऱ्याचा टोकदार ठिपका पसरट होतो. याला उपाय सोपा आहे. निरीक्षक पुन्हा नाभी जुळवतो आणि काम पुढे चालू ठेवतो.

खरी अडचण असते ती असमान तापण्याची. भिंगाचा किंवा आरशाचा एक भाग ऊबदार आणि दुसरा थंड राहिला तर काचेचा घडवलेला आकारच बिघडतो, आणि नाभी पुढे-मागे करून तो दोष जात नाही. विल्यम हर्शेल याने १८०३ मध्ये बुधाच्या अधिक्रमणावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याला आरसे नीट काम का देत नाहीत याच्या कारणांची चर्चा मुद्दाम जोडली होती. तापमानातील बदल हे त्या कारणांपैकी एक होते. ग्रहणाच्या दोनच वर्षे आधी, १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये, कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथे १०० इंची दुर्बीण प्रथमच आकाशाकडे वळवली गेली. तेव्हा गुरू ग्रहाच्या एका बिंबाऐवजी एकमेकांवर चढलेली अनेक बिंबे दिसली. आयुष्याची कमाई वाया गेली, असे जॉर्ज हेल यांना क्षणभर वाटले. नंतर कळले की दिवसा घुमट उघडा राहिल्याने आरशावर ऊन पडले होते. पहाटेपर्यंत आरसा निवला आणि अभिजित तारा रेखीव दिसला. काचेत दोष नव्हता. तिला निवायला वेळ हवा होता.

माउंट विल्सनला पहाटेपर्यंत थांबता आले. खग्रास ग्रहणात थांबता येत नाही.

मोजायचे काय होते?

आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार सूर्याच्या अगदी कडेजवळून जाणारा प्रकाशकिरण १.७५ विकला इतका वळला पाहिजे. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाचा नियम प्रकाशाला तसाच लावला तर हे वळण बरोबर निम्मे, म्हणजे ०.८७ विकला येते. एक अंशाच्या ३६०० व्या भागाला विकला म्हणतात. तेव्हा प्रश्नाला तीन उत्तरे संभवत होती : वळण मुळीच नसेल, निम्मे असेल किंवा पूर्ण असेल.

इंग्लंडचे राजज्योतिषी फ्रँक डायसन यांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते की १९१९ च्या ग्रहणात सूर्य रोहिणीजवळच्या हायडीज तारकागुच्छात असेल. तिथे तेजस्वी तारे दाटीने आहेत. ग्रहणात सूर्यबिंब झाकले गेल्यावर त्यांचे छायाचित्र घ्यायचे, आणि काही महिन्यांनी किंवा आधी, सूर्य तिथे नसताना, त्याच ताऱ्यांचे रात्री छायाचित्र घ्यायचे. दोन्ही काचा ताडून पाहिल्या की तारे किती सरकले ते कळेल.

कल्पना सरळ होती, पण मापे अत्यंत सूक्ष्म होती. ग्रीनिचच्या ज्या दुर्बिणीचे भिंग या कामी नेले गेले ती आकाशाच्या छायाचित्र-नकाशाच्या आंतरराष्ट्रीय योजनेसाठी बनवलेली होती. तिच्या छायाचित्रावर एक मिलिमीटर म्हणजे ६० विकला. म्हणजे सूर्याच्या कडेचे १.७५ विकलांचे वळण काचेवर एका मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश भागाएवढे. प्रत्यक्षात टिपले जाणारे तारे कडेपासून दूर होते, म्हणून त्यांचे सरकणे याहूनही कमी.

उष्णतेचा प्रश्न इथेच गंभीर होतो. समजा, भिंग आणि छायाचित्राची काच यांतील अंतर दहा हजारांत एका भागाने वाढले. तर चित्रातील सर्व अंतरे त्याच प्रमाणात वाढतील. मध्यापासून ५० कला, म्हणजे ३००० विकला दूर असलेला तारा बाहेरच्या बाजूला ०.३ विकला सरकलेला दिसेल. त्याच ताऱ्याचे आइन्स्टाइन यांच्या हिशेबाने येणारे सरकणे सुमारे ०.५५ विकला आहे, आणि तेही बाहेरच्याच बाजूला. म्हणजे तापलेली नळी जवळजवळ सूर्याच्या गुरुत्वाकर्षणासारखेच वागते! छायाचित्राची काचही तापून प्रसरण पावते, त्यामुळे नळीचा काही परिणाम भरून निघतो. पण किती, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

दोहोंत फरक करणारी खूण एकच आहे. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम सूर्यापासून दूर जावे तसा घटतो. चित्राच्या प्रमाणातील बदलाचा परिणाम मात्र मध्यापासून दूर जावे तसा वाढतो. चांगले, टोकदार तारे पुरेशा संख्येने मिळाले तर गणिताने दोन्ही वेगळे काढता येतात. तारे थोडे आणि अस्पष्ट असले तर ते एकमेकांत मिसळतात.

सोब्रालची सकाळ

दोन तुकड्या निघाल्या. आर्थर एडिंग्टन आणि घड्याळे बनवणारे कारागीर एडविन कॉटिंगहॅम हे पश्चिम आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले. अँड्र्यू क्रॉमेलिन आणि चार्ल्स डेव्हिडसन हे ईशान्य ब्राझीलमधील सोब्राल या गावी गेले. तेथील शर्यतीच्या मैदानावर त्यांनी यंत्रे उभारली.

दूरच्या प्रवासात मोठी दुर्बीण तिच्या जड बैठकीसह नेणे शक्य नव्हते. म्हणून एक जुनी युक्ती वापरण्यात आली. दुर्बीण जमिनीवर आडवी स्थिर ठेवायची आणि तिच्यापुढे घड्याळी यंत्राने फिरणारा सपाट आरसा ठेवायचा. आकाश फिरते तसा आरसा फिरतो आणि प्रकाश सतत दुर्बिणीत पाठवतो. या आरशाच्या यंत्राला सीलोस्टॅट म्हणतात. सोब्रालला ग्रीनिचच्या १३ इंची भिंगापुढे १६ इंची आरसा होता. चित्र अधिक रेखीव यावे म्हणून भिंगावर झाकण बसवून त्याचे तोंड ८ इंचांवर आणले होते. याशिवाय फादर कॉर्टी यांच्या सूचनेवरून एक लहानसे ४ इंची भिंग आणि ८ इंची आरसा असा दुसरा संच सोबत घेतला होता. त्याची नाभीय लांबी १९ फूट होती. हा संच जोडीला, खबरदारी म्हणून होता.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी ढग होते. मग आकाश मोकळे झाले. स्थानिक वेळेनुसार सकाळी नऊच्या सुमारास सूर्य पूर्ण झाकला गेला. पाच मिनिटांच्या काळात मोठ्या भिंगाने १९ आणि लहान भिंगाने ८ छायाचित्रे घेतली.

त्याच रात्री, ३० मेच्या पहाटे तीन वाजता, मोठ्या भिंगाची चार छायाचित्रे धुऊन पाहण्यात आली. तारे उमटले होते, परंतु नाभी गंभीररीत्या बिघडली होती. आदल्या रात्री नाभी काळजीपूर्वक जुळवलेली होती. दुसऱ्या दिवशी मोजपट्टी तपासली तर आकडा जागचा हललेला नव्हता. म्हणजे भिंग आणि काच यांचे अंतर कोणी बदलले नव्हते. निरीक्षकांनी नोंद केली की सूर्याच्या उष्णतेने आरशाचे असमान प्रसरण झाले, याखेरीज दुसरे कारण दिसत नाही, आणि या छायाचित्रांतून फारसे काही हाती लागेल की नाही याची शंकाच आहे.

सपाट आरशाचे इतके काय बिघडणार, असे वाटेल. थोडा हिशेब केला की कळते. समजा, आरसा ५ सेंटिमीटर जाडीचा आहे आणि त्याचा पुढचा पृष्ठभाग मागच्यापेक्षा अंशाच्या केवळ दहाव्या भागाने जास्त तापला. पुढची बाजू अधिक प्रसरण पावल्यामुळे आरसा किंचित फुगीर होईल. त्याची वक्रता इतकी अल्प असेल की तिची त्रिज्या साठ किलोमीटरच्या घरात जाईल. डोळ्यांना तो आरसा सपाटच दिसेल. तरीही साडेतीन मीटर नाभीय लांबीच्या दुर्बिणीत नाभी सुमारे ०.४ मिलिमीटरने मागे सरकेल. फरक एक अंशाचा झाला तर जवळजवळ ४ मिलिमीटरने! शिवाय प्रकाश आरशावर तिरका पडत असल्याने आडव्या आणि उभ्या दिशांची नाभी एके ठिकाणी येत नाही, आणि ताऱ्याचा ठिपका लांबट होतो. भिंग निर्दोष होते. त्याच्यापुढचा आरसा उन्हात तापला आणि त्यानेच भिंगाची साक्ष बिघडवली.

तीन साक्षी, तीन उत्तरे

क्रॉमेलिन आणि डेव्हिडसन जुलैपर्यंत ब्राझीलमध्येच राहिले. सूर्य हायडीजपासून दूर गेल्यावर त्यांनी पहाटेच्या अंधारात तुलनेची छायाचित्रे घेतली. इंग्लंडला परतल्यावर मोजणी झाली आणि पुढील उत्तरे आली.

सोब्रालच्या लहान, ४ इंची भिंगाने १.९८ विकला दिले. त्यातील संभाव्य चूक ०.१२ विकला होती. प्रिन्सिपेला ढगांमुळे दोनच छायाचित्रे उपयोगी पडली, आणि त्यांनी १.६१ विकला दिले. त्यातील संभाव्य चूक ०.३० होती. सोब्रालच्या मोठ्या भिंगाने ०.९३ विकला दिले.

पहिली दोन उत्तरे आइन्स्टाइन यांच्या जवळची, तिसरे न्यूटनच्या जवळचे. आता निवाडा कसा करायचा?

६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये रॉयल सोसायटी आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांची संयुक्त सभा भरली. आइन्स्टाइन यांचे भाकीत खरे ठरले, असे तिथे डायसन यांनी जाहीर केले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ही बातमी जगभर नेली. मोठ्या भिंगाचा निकाल लपवला गेला नाही. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तो आकड्यांसह छापलेला आहे. पण अंतिम निर्णयात त्याला वजन देण्यात आले नाही.

आक्षेप आणि फेरमोजणी

पुढे हा निर्णय वादाचा विषय झाला. १९८० मध्ये जॉन इअरमन आणि क्लार्क ग्लायमूर या अभ्यासकांनी असा आक्षेप मांडला की, आइन्स्टाइन यांच्या विरुद्ध जाणारी छायाचित्रे बाजूला ठेवण्याचे कारण पुरेसे भक्कम नव्हते. एडिंग्टन हे शांततावादी होते. महायुद्धानंतर जर्मन आणि इंग्रज शास्त्रज्ञांत सलोखा व्हावा अशी त्यांची इच्छा होती, आणि या सिद्धांतावर त्यांचा आधीपासूनच विश्वास होता. म्हणून त्यांनी हवा तो निकाल निवडला, असे चित्र नंतरच्या लोकप्रिय लेखनात रंगवले गेले. उष्णतेचे कारण ही सोयीची सबब होती, असा त्याचा मथितार्थ.

आक्षेप गंभीर आहे, आणि तो झटकून टाकणे योग्य नाही. नको असलेला पुरावा बाजूला सारण्यासाठी यंत्रातील दोषाचे कारण पुढे करणे ही संशोधनातील जुनी लबाडी आहे. म्हणून घटनाक्रम बारकाईने पाहिला पाहिजे.

एक, मोठ्या भिंगाच्या छायाचित्रांविषयीची शंका ३० मेच्या पहाटेची आहे. त्या वेळी एकाही ताऱ्याचे स्थान मोजलेले नव्हते. छायाचित्रे कोणाच्या बाजूने बोलणार, हे कोणालाही माहीत नव्हते. उत्तर ऐकण्यापूर्वीच साक्षीदाराची नजर अधू असल्याचे नोंदवले गेले होते.

दोन, सोब्रालच्या छायाचित्रांची मोजणी एडिंग्टन यांनी केली नाही. ते काम ग्रीनिचला डायसन आणि डेव्हिडसन यांच्या देखरेखीखाली झाले. डॅनियल केनेफिक या इतिहासकाराने हा मुद्दा सविस्तर मांडला आहे. डायसन हे सापेक्षता सिद्धांताचे भक्त नव्हते. ते एक सावध निरीक्षक होते.

तीन, अडचण चित्राच्या प्रमाणाचीच होती. नाभी बिघडल्याने चित्राचे प्रमाणही खरोखर बदलले, असे मानले तर उत्तर ०.९ च्या आसपास येते. प्रमाण न बदलता केवळ तारे पसरट झाले, असे मानले तर त्याच छायाचित्रांतून दीड विकलेच्या आसपास उत्तर निघते. एकाच काचेतून, गृहीतक बदलताच, दोन प्रतिस्पर्धी सिद्धांतांना पूरक उत्तरे निघत असतील, तर ती काच निवाड्याला उपयोगी नाही.

चार, आइन्स्टाइन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९७९ मध्ये, रॉयल ग्रीनिच वेधशाळेत त्याच जुन्या काचा आधुनिक यंत्राने पुन्हा मोजल्या गेल्या. ४ इंची भिंगाचे उत्तर १.९० विकला आले, संभाव्य चूक ०.११. मोठ्या भिंगाचे उत्तर आता १.५५ विकला आले, संभाव्य चूक ०.३४. साठ वर्षांनी, सूक्ष्मतर मोजणीनंतर, बिघडलेला साक्षीदारही इतरांच्या जवळ आला.

प्रिन्सिपेविषयीही एक नोंद करावी लागते. तिथेही तशाच प्रकारचे भिंग आणि आरसा होता. मग तिथे आरसा का तापला नाही? बेट विषुववृत्ताजवळचे, चहूबाजूंनी समुद्र, त्यामुळे दिवसरात्रीच्या तापमानात फरक अल्प. शिवाय ज्या ढगांनी एडिंग्टन यांना हवालदिल केले, त्याच ढगांनी आरशावर ऊन पडू दिले नाही. चित्राचे प्रमाण तपासण्यासाठी एडिंग्टन यांनी आकाशाच्या वेगळ्याच भागाची छायाचित्रे इंग्लंडमध्ये आणि बेटावर अशी दोन्हीकडे घेतली होती. सोब्रालच्या मोठ्या भिंगापाशी असा स्वतंत्र आधार नव्हता.

जेऊर ते वॉलल

सूर्याच्या तोंडासमोर आरसा ठेवण्यातील धोका काही निरीक्षकांनी आधीच ओळखला होता. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण कोकण किनाऱ्यावरून आत येऊन महाराष्ट्र ओलांडून गेले होते. नॉर्मन लॉकयर यांचा तळ विजयदुर्गला होता. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल यांचे तळ पडले होते. कॅम्बेल यांनी जेऊरला ४० फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता आणि तो सरळ सूर्याकडे रोखलेला होता. मध्ये आरसा नव्हता. भिंग वर स्थिर, आणि खाली छायाचित्राची काच सूर्याच्या गतीने सरकत राही.

याच कॅम्बेल यांनी पुढे आइन्स्टाइन यांच्या भाकिताची परीक्षा घेतली. १९१८ मध्ये अमेरिकेतील गोल्डनडेल येथे त्यांना उसन्या भिंगांवर काम भागवावे लागले, कारण त्यांची यंत्रे १९१४ पासून युद्धामुळे रशियात अडकून पडली होती. तेव्हाची छायाचित्रे समाधानकारक नव्हती. २१ सप्टेंबर १९२२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरील वॉलल येथे मात्र कॅम्बेल आणि रॉबर्ट ट्रम्पलर यांनी खास बनवलेले कॅमेरे थेट आकाशाकडे रोखले. उत्तर आले १.७२ विकला, संभाव्य चूक ०.११. कोडाईकनाल वेधशाळेचे जॉन एव्हर्शेड हेही भारतातून वॉललला गेले होते, परंतु यंत्रातील अडचणींमुळे त्यांना उपयोगी निकाल मिळाला नाही.

तरीही वाद संपला नाही. १९२९ मध्ये सुमात्रा बेटावर एर्विन फ्रॉइंडलिख यांच्या जर्मन तुकडीने २.२४ विकला हे उत्तर काढले. ट्रम्पलर यांनी तीच मापे घेऊन चित्राचे प्रमाण वेगळ्या रीतीने ठरवले, तेव्हा उत्तर आइन्स्टाइन यांच्या आकड्याजवळ आले. पुन्हा तोच प्रश्न : काच किती ताणली गेली आणि प्रकाश किती वळला? ३० जून १९७३ च्या ग्रहणात मॉरिटानियातील वाळवंटात गेलेल्या टेक्सास विद्यापीठाच्या तुकडीने दुर्बिणीभोवती उष्णतारोधक खोलीच बांधली होती. ५४ वर्षांपूर्वीच्या तापलेल्या आरशाने शिकवलेला हा धडा होता.

हैदराबादचा धागा

१९१९ हे वर्ष हैदराबादच्या विद्याव्यवहारातही महत्त्वाचे आहे. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये फिसलबंडा येथे स्वतःच्या खर्चाने वेधशाळा स्थापली आणि १५ इंची दुर्बीण मिळवली. त्यांच्या निधनानंतर, १९०८ मध्ये, निजाम सरकारने ही निजामिया वेधशाळा ताब्यात घेतली आणि ती बेगमपेटला उभी राहिली. १९१९ मध्ये ती नव्याने निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडे आली. उर्दूतून विज्ञान शिकवणाऱ्या त्या विद्यापीठात मराठवाड्यातील मराठी विद्यार्थीही जात, कारण ते जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानातच होते.

ज्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र-नकाशासाठी ग्रीनिच आणि ऑक्सफर्डची भिंगे बनली होती, त्याच योजनेत निजामिया वेधशाळेचा वाटा होता. ग्रीनिच आणि ऑक्सफर्डची तीच भिंगे १९१९ मध्ये ग्रहणासाठी नेली गेली. दक्षिण आकाशाचा १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादकडे होता. पुढे उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही त्यांनी घेतला. रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांच्या काळात लाखो ताऱ्यांची स्थाने मोजली गेली. मे महिन्यातील हैदराबादचा उन्हाळा आणि डिसेंबरची थंडी यांत नळीची लांबी सारखी राहणे शक्यच नव्हते. म्हणून प्रत्येक छायाचित्राचे प्रमाण त्याच काचेवरील ज्ञात ताऱ्यांवरून नव्याने काढले जाई. मागच्या काचेचा आकडा पुढच्या काचेला लावला जात नसे. सोब्रालच्या मोठ्या भिंगाला नेमका हाच आधार अपुरा पडला होता. हायडीजमधील मोजके, पसरट तारे एकाच वेळी प्रमाणही सांगू शकत नव्हते आणि वळणही.

इकडे कलकत्त्यात मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांच्या निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. दूरच्या ग्रहणाची बातमी या देशातील तरुण अभ्यासकांनी नुसती वाचून सोडून दिली नाही.

समारोप

१९१९ ची कथा बहुधा दोन थोर पुरुषांची म्हणून सांगितली जाते : सिद्धांत मांडणारे आइन्स्टाइन आणि तो पडताळणारे एडिंग्टन. त्या कथेत काच, पोलाद आणि ऊन यांना जागा नसते. तशी ती सांगितली की एक तर ती चमत्काराची गोष्ट होते किंवा पक्षपाताची. यंत्राच्या बाजूने पाहिले तर ती या दोन्हींहून वेगळी दिसते. निवाडा ज्या ४ इंची भिंगाने केला, ते केवळ खबरदारी म्हणून नेलेले होते. मुख्य भिंगाचा दोष पहिल्याच रात्री, लाभहानीचा विचार मनात येण्याआधी, वहीत लिहिला गेला. गैरसोयीचा आकडाही अहवालात छापला गेला, आणि काचा जपून ठेवल्या गेल्या. म्हणूनच साठ वर्षांनी त्यांची पुन्हा तपासणी करता आली आणि आजही आक्षेप घेणाऱ्याला आक्षेप घेता येतो.

उष्णतेने काच फुगते, हा दोष कोणाचाच नाही. काच फुगली होती हे केव्हा लिहिले गेले, उत्तर कळण्यापूर्वी की नंतर, यावर साक्षीचे मोल ठरते. सोब्रालच्या वहीत त्या नोंदीपुढे पहाटे तीनची वेळ आहे.